बताद (फिलिपिन्स): ही भातखाचरं दोन हजार वर्षांची की चारशे?

मनिलाकर

मंडळी, नोकरीनिमित्त तीन वर्षं मनिलात आहे. मागच्या महिन्यात जोडून सुट्टी आली तेव्हा बतादला जाऊन आलो. लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा डोंगररांग आहे, तिथे इफुगाओ प्रांतातलं हे गाव. मनिलाहून बनावेपर्यंत रात्रभराची बस (एसी असा की कानटोपी नसेल तर सकाळी बर्फाची लादी होऊन उतराल), बनावेहून जीपनी (तिथली प्रवासी जीप), आणि रस्ता संपला की पायी उतरण. गावात आजही गाडी जात नाही. तांदळाच्या पोत्यापासून कोकाकोलाच्या क्रेटपर्यंत सगळं माणसाच्या पाठीवरून.

उतरताना एका वळणावर गाव एकदम समोर येतं. डोंगराला अर्धगोल खोबण पडलेली, त्या खोबणीत खालपासून वरपर्यंत दगडी तालींची (तालीं म्हणजे दगड रचून केलेल्या बांधाच्या भिंती) भातखाचरं, आणि तळाशी मूठभर घरं. प्रेक्षागृहाच्या पायऱ्या असाव्यात तशी खाचरं, आणि रंगमंचाच्या जागी गाव. फोटो टाकत नाही, फोटोत उंची कळत नाही. एकेक ताल माझ्या डोक्याच्या वर होती. रिमझिम पावसात वीतभर रुंदीच्या बांधावरून चालताना एका बाजूला गुडघाभर चिखल आणि दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोली, हा अनुभव बायकोने ‘पुन्हा नाही’ या यादीत टाकला आहे.

आता प्रश्न. वाटाड्याने सांगितलं, ही खाचरं दोन हजार वर्षांची. बनावेतल्या फलकावरही तेच. परत आल्यावर वाचलं की काही पुरातत्त्वज्ञांच्या मते ती जेमतेम चारशे वर्षांची आहेत. दोन हजार आणि चारशे, हा काय पाच-पंचवीस वर्षांचा फरक आहे का? इथल्या मराठी मंडळींसमोर सहलीबद्दल बोलायचं आहे, तर नेमकं काय सांगू? आणि असल्या आडगावात इतकी खाचरं कोणी, कशासाठी बांधली असतील?

निवांत

फोटो टाकाच. उंची आम्ही कल्पनेने वाढवून घेऊ.

डावावची_डॉक्टरीण

धाग्याबद्दल धन्यवाद! मी इथे दक्षिणेला डावावमध्ये डॉक्टरकी शिकायला आले, त्याला आता पाच वर्षं झाली. घरचे अजून ‘समुद्रावर जास्त जाऊ नकोस’ एवढंच सांगतात. फिलिपिन्स म्हणजे समुद्रकिनारा, संपलं. या देशात थंडीने हुडहुडी भरणारे डोंगर आहेत हे कोणाला खरंच वाटत नाही. आमच्या वर्गात एक इफुगाओ मुलगी होती. मनिलाची मुलं तिला ‘तुमच्याकडे अजून मुंडकी कापतात का’ असं विचारायची. ती शांतपणे म्हणायची, ‘आता नाही, पण तुझ्यासाठी पुन्हा सुरू करू.’

भातवाला

भातावर काम करतो, लोस बान्योसच्या भात-संशोधन संस्थेत काही काळ होतो, म्हणून लिहितो. वयाचं नंतर बघू. आधी हे गाव चालतं कसं ते बघा, कारण खरी गंमत तालींपेक्षा वरच्या रानात आहे.

खाचरांच्या वर, डोंगरमाथ्याकडे, प्रत्येक घराण्याचं राखलेलं रान असतं. त्याला ‘मुयोंग’ म्हणतात. लाकूडफाटा, वेत, औषधी झाडं त्यातून मिळतात, पण मुख्य काम पाणी धरून ठेवण्याचं. पावसाचं पाणी रानात मुरतं, झऱ्यांना येतं, पाटाने वरच्या खाचरात पडतं आणि तिथून खाचराखाचरांतून उतरत नदीला मिळतं. पाण्याच्या हक्काचे रिवाज कडक. आधी ज्याने पाणी आणलं त्याचा हक्क पहिला, त्याच्या वर कोणी नवं खाचर काढून पाणी अडवायचं नाही. ज्याला वाटतं की डोंगर तासला की झालं, त्याने मुयोंग तोडून बघावं. दोन-चार पावसाळ्यांत खालची ताल बसेल.

दुसरं म्हणजे ही खाचरं वर्षभर पाण्याखाली ठेवतात, पीक नसलं तरी. आपल्याकडे भात कापला की जमीन भेगाळते, तसं तिथे झालं तर ताल फुटते. आणि खाचर कोरडं पडलं की गांडुळं बांधात खोल शिरतात. तिथली गांडुळं चांगली लांबलचक. त्यांनी केलेल्या बिळांतून पाणी पाझरतं आणि आतून ताल पोखरली जाते.

भाताचं नाव ‘तिनावोन’. ‘तावोन’ म्हणजे वर्ष. वर्षातून एकदाच येतो म्हणून तिनावोन. जानेवारी-फेब्रुवारीत लावणी, जून-जुलैत कापणी, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. आपण तरवा (रोपांसाठी बी) टाकत असतो तेव्हा त्यांच्या कणग्या भरत असतात. कापणी विळ्याने सरसकट नाही, छोट्या पात्याने एकेक लोंबी देठासकट खुडायची, जुड्या बांधायच्या आणि जुड्याच कोठारात रचायच्या. लागेल तसं उखळात कांडायचं. दरवर्षी दोन पिकं देणारी नवी बियाणी तिथल्या उंचीवर आणि थंड पाण्यात फार रमत नाहीत.

टवाळ

म्हणजे फिलिपिन्सचा जागतिक वारसा गांडुळांमुळे धोक्यात. आमच्या सोसायटीची टाकी कशामुळे गळते ते आत्ता कळलं. सचिवांना कळवतो.

शेवंती

@भातवाला, छान माहिती. एक भर घालते. या कापणीला आणि वर्षभराच्या निंदणीला ‘हुदहुद’ म्हणून गाणी असतात, आपल्या जात्यावरच्या ओव्यांची लांबची बहीण म्हणा. एक म्हातारी बाई कथा गाते, बाकीच्या ओळ उचलतात. अलिगुयोन नावाच्या वीराची कथा त्यात प्रसिद्ध. एक कथा पुरी गायची तर दिवसच्या दिवस जातात. युनेस्कोने २००१ मध्ये या गाण्यांचा गौरव केला आणि २००८ मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. भात लावणारी, कापणारी आणि गाणारी बाईच. जमीन मात्र पहिल्या अपत्याला, मुलगा असो की मुलगी. हे वाचल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, मी थोरली आहे.

तर्कट

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धागा आता ओव्यांकडे वळला आहे.

‘दोन-तीन हजार वर्षं’ हा आकडा आला हेन्री ओटली बायर आणि रॉय बार्टन या दोन अमेरिकन माणसांकडून, विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. तेव्हा कोळशातल्या कार्बनवरून वय काढण्याची सोयच नव्हती. एवढे डोंगर बांधून काढायला किती काळ लागला असेल याचा त्यांनी अंदाज बांधला. एका खाचराला इतकी वर्षं, तर सगळ्यांना किती, या छापाचा हिशेब. पुढे मानववंशशास्त्रज्ञ फेलिक्स केसिंगने स्पॅनिशांच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि १९६२ मध्ये छापलेल्या पुस्तकात उलट मांडणी केली. स्पॅनिश सत्ता मागात नदीच्या खोऱ्यात शिरली तेव्हा सखल भागातली माणसं डोंगरात चढली आणि ही खाचरं मुख्यतः त्यानंतरची.

आता पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो. त्यांनी बनावेजवळच्या बोकोसच्या खाचरांतल्या कोळशाच्या तारखा काढल्या, २००९ मध्ये निबंध छापला, आणि २०१२ पासून इफुगाओतल्याच कियांगानच्या जुन्या गावठाणावर उत्खनन केलं. निष्कर्ष असा की ओलीत भातशेतीचा मोठा पसारा सतराव्या शतकापासूनचा आहे. त्याआधी तिथे माणसं होती, पण ती मुख्यतः अळू लावत होती.

तेव्हा सहलीच्या भाषणात चारशे सांगा.

टवाळ

हा बायर म्हणजे तोच ना, ज्याने इफुगाओ मुलीशी लग्न केलं? मग झालं की. जावयाने सासरच्या घराचं वय वाढवून सांगितलं, एवढंच. तीन हजार वर्षं म्हणाला नसता तर जेवायला वाढलं नसतं.

तर्कट

हो, तोच. बनावेजवळच्या आमगानाद गावच्या सरदाराची मुलगी. पण टवाळ, त्याने पुढे मनिलाच्या विद्यापीठात मानववंशशास्त्राचा विभागही काढला. जावई असला तरी अभ्यासू होता.

सुगरण

अळू?!! खाचरांत अळू? म्हणजे आपलं फतफत्याचं अळू?

भातवाला

@सुगरण, हो. तेच कुटुंब, पण ते खातात ते कंद. फिलिपिन्समध्ये त्याला ‘गाबी’ म्हणतात. अळूला पाण्याची साथ हवी, म्हणून ओलसर खाचरात उत्तम येतं. नंतर स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोहून रताळं आलं, त्याचं नाव तिथे अजून ‘कामोते’. ज्याच्याकडे खाचर नाही, त्याचं पोट रताळ्यावर. भात हा प्रतिष्ठेचा. गावातल्या मोठ्या माणसाला ‘कादांग्यान’ म्हणतात. त्याचं मोठेपण भाताच्या खाचरांवर आणि त्याने घातलेल्या जेवणावळींवर ठरायचं.

आजोबा_ठाणे

कियांगानचं नाव निघालं म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जपानचा जनरल यामाशिता, सिंगापूर घेणारा, शेवटी याच डोंगरांत कोंडला गेला. २ सप्टेंबर १९४५ ला तो कियांगानला शरण आला, दुसऱ्या दिवशी बागियोला सह्या झाल्या. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याला फाशी दिलं. माझे वडील ब्रिटिश फौजेत कारकून होते, त्यांच्या तोंडी हे नाव लहानपणी ऐकलं आहे. त्या भागात अजून लोक यामाशिताचं सोनं शोधत खणतात म्हणे.

टवाळ

आजोबा, हे आधी सांगायचं होतं. वय, गांडूळ, अळू सोडा. सोनं कुठे आहे?

गजा_रत्नागिरी

उगाच हसू नका. आमच्याकडे पण पेशव्यांचं सोनं शोधायला लोक देवराईत खड्डे करतात.

मी शेतकरी माणूस, दोन शब्द लिहितो. आमची डोंगरउतारावर मजगी आहे, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची भातजमीन, सहा कुणग्यांची (खाचरांची). ताल कोणी बांधली? पणजोबांनी, असं आम्ही सांगतो. खरं सांगू? गेल्या वीस वर्षांत त्यातली एक ताल मी दोनदा नव्याने रचली आहे. २०२१ च्या पावसात दोन गेल्या, त्या मी आणि पुतण्याने उभ्या केल्या. दगड तेच, जागा तीच, पण ताल माझी. मग ती किती वर्षांची? कोळसा मिळाला तर तो कोणाच्या चुलीतला?

तर्कटसाहेब, तुमचा शास्त्रज्ञ तारीख काढतो ती कशाची? पहिल्या दगडाची की शेवटच्या दुरुस्तीची?

तर्कट

@गजा, हा धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. नेमकी हीच अडचण आहे. तालीच्या आतला कोळसा जुना असू शकतो आणि भरावात वरून आलेलाही असू शकतो. म्हणूनच अनेक नमुने घेऊन, कोणता थर आधीचा कोणता नंतरचा हे गणितात घालून तारखांचा अंदाज काढतात. एकाच तुकड्यावर विसंबत नाहीत. कियांगानला तर खाचरांऐवजी जुन्या गावठाणातच खणलं, भाताचे दाणे कधीपासून दिसतात ते बघायला. पण हेही कबूल की बोकोस म्हणजे बताद नाही. खोऱ्यागणिक इतिहास वेगळा असू शकतो.

शेवंती

मला यातला सूर थोडा खटकतो. चारशे म्हटलं की लगेच ‘अरेरे, जुनं नाही’ असं का वाटावं? उलट विचार करा. डोंगरात चढून आलेल्या माणसांनी पाच-सहा पिढ्यांत डोंगर कोरले, पाणी खेळवलं, वरची रानं राखली, आणि स्पॅनिशांना तीनशे वर्षांत हा प्रदेश नीट काबीज करता आला नाही. दोन हजार वर्षं ‘आपोआप’ होत गेलं यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

कोकणकडा

+१. काळ बघा ना, सतरावं शतक. त्याच सुमारास आपल्याकडे रायगड उभा राहत होता. तिथे तट नव्हते, खाचरं होती.

निवांत

महाराज आले. धाग्याची शंभरी पक्की.

डावावची_डॉक्टरीण

पण शेवंतीताई, माझ्या मैत्रिणीला हा चारशेचा आकडा अजिबात पटत नाही. तिचं म्हणणं, आधी अमेरिकन आले आणि म्हणाले तुम्ही प्राचीन, मग दुसरे आले आणि म्हणाले तुम्ही प्राचीन नाही. आम्हाला विचारलं कोणी? तिच्या आजोबांकडे मुंबाकी म्हणजे पुरोहित यायचे, ते विधीत पूर्वजांची नावं एकामागून एक घ्यायचे. ती यादी ऐकून मोठी झालेल्या मुलीला तुम्ही चारशे सांगणार?

तर्कट

विचारलं आहे. आकाबादोंच्या कामात मार्लन मार्टिन आहेत, ते स्वतः इफुगाओ आणि खाचरं वाचवण्याच्या चळवळीतले. उत्खननात गावकरीही असतात. म्हणजे ‘बाहेरचे विरुद्ध गावचे’ असं सरळ नाही. गावातच दोन मतं आहेत.

मनिलाकर

बापरे, दोन दिवस कामात होतो, इतक्यात एवढे प्रतिसाद! एकेकाला उत्तर देत नाही, पण मी काय पाहिलं ते लिहितो.

आम्ही एका आजींकडे उतरलो होतो. सगळे त्यांना ‘अपो’ म्हणत. सत्तरीच्या पुढच्या. सकाळी सहाला त्या खाचरात. मी मागे गेलो. भाताच्या काडीवर गुलाबी मण्यांचे घोस लागलेले, अगदी चणीमणी बोरांएवढे. मला वाटलं फुलं. अपो हसल्या, एक घोस अंगठ्याने खरवडला आणि पाण्यात टाकला. ती गोगलगायीची अंडी होती. कमरेला बांधलेल्या डब्यात त्या गोगलगायी वेचून टाकत होत्या. तासाभरात डबा भरला. पान खातात, अडकित्त्याने नाही, दातांनीच सुपारी फोडून. चुना, पान, सुपारी. कात नाही, तरी थुंकी लालभडक. माझी आजी आठवली.

त्यांचं जुनं घर चार खांबांवर आहे. प्रत्येक खांबाला लाकडाची जाड गोल चकती, भाकरीच्या परातीएवढी. उंदीर वर चढायला गेला की तिथे उलटा पडतो. छप्पर मात्र आता गवताचं नाही, निळा पत्रा. वाटाड्या हळहळला, ‘फोटो बिघडतो’. अपो म्हणाल्या (नातीने भाषांतर केलं), गवत दर काही वर्षांनी बदलायला माणसं कुठून आणू? माणसं तर मनिलात.

भातवाला

त्या गोगलगायींची गोष्ट चटका लावणारी आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. १९८० च्या दशकात फिलिपिन्समध्ये मुद्दाम आणली, गरिबांना स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. लोकांना चव आवडली नाही. सोडून दिली, पाण्याच्या वाटेने सगळीकडे पसरली. लावणीनंतरची कोवळी रोपं ती एका रात्रीत फस्त करते. तिथे खाचरं वर्षभर पाण्याखाली असतात, म्हणजे तिची वर्षभर सोय.

पत्र्याचं आणि माणसांचं म्हणालात तर तोच मुद्दा युनेस्कोचाही होता. १९९५ मध्ये इफुगाओची पाच खाचरक्षेत्रं जागतिक वारसा झाली: बताद, बांगान, मायोयाओ, हुंगदुआन आणि कियांगानमधलं नागाकादान. सहा वर्षांत, २००१ मध्ये, ती धोक्याच्या यादीत गेली, कारण तरुण शहरात गेल्याने कित्येक खाचरं पडीक पडत होती. २०१२ मध्ये बाहेर आली.

डावावची_डॉक्टरीण

आणि मजा म्हणजे, वीस पेसोच्या नोटेवर जो फोटो आहे तो बनावेच्या खाचरांचा. तीच बनावेची सज्जावरून दिसणारी खाचरं, जी पर्यटकांना दाखवतात, ती या पाचांत नाहीतच! तिथे आजूबाजूला बांधकाम फार झालं.

अवांतर: बताद हे ‘बारांगाय’ आहे, म्हणजे इथलं सर्वांत लहान प्रशासकीय गाव. हा शब्द ‘बालांगाय’वरून आला, म्हणजे होडी. बेटांवर होडीतून आलेल्या कुळाचं गाव. समुद्रापासून इतक्या उंचावर, जिथे होडी कोणी पाहिली नसेल, त्या गावालाही होडीच म्हणतात.

टवाळ

आमच्या वॉर्डाला पावसाळ्यात हेच नाव शोभेल.

सुगरण

तो तिनावोन तांदूळ मिळतो का कुठे? चवीला कसा?

मनिलाकर

@सुगरण, मनिलात क्वचित मिळतो, महाग आहे. मी अपोंकडून दोन किलो आणला. जाडसर, किंचित चिकट, वाफेला छान वास. आंबेमोहराची आठवण होते असं म्हणणार होतो, पण ती होत नाही. वेगळाच आहे. वरण-भात केला तर बायको म्हणाली, हा भात वरणाला दबत नाही.

तर्कट

मग भाषणात काय सांगणार आहात?

मनिलाकर

तेच सांगायला आलो. भाषण काल झालं. सकाळी अपोंच्या नातीला मेसेज करून विचारलं, तुमचं खाचर किती वर्षांचं? तिने आजीला विचारलं. उत्तर आलं: ‘वरचं कोणाचं ते माहीत नाही. खालची ताल मागच्या वादळात पडली होती, ती आम्ही सात जणांनी महिनाभरात उभी केली. डुकरं दोन कापली.’

मी दोन हजार सांगितलं नाही, चारशे ठामपणे सांगितलं नाही. दोन्ही मतं सांगितली, आणि सात माणसं, एक महिना आणि दोन डुकरं. सगळ्यात जास्त प्रश्न डुकरांबद्दल आले.

गजा_रत्नागिरी

सात माणसांत महिना म्हणजे ताल मोठी असणार. दगड नदीतून वर नेला की जागचाच वापरला? विचारून ठेवा. माझी खालची अजून अर्धी आहे.